सौदे टाकणारी अक्का

सौदा ऐकला की ती कीबोर्डवरचे दोन्ही हात उचलून मांडीवर ठेवायची आणि म्हणायची, "परत सांगा."

तिला ऐकू चांगलं यायचं. पण तेच वाक्य दुसऱ्यांदा बोलताना माणूस थबकतो, हे तुम्हीही पाहिलं असेल. कितीतरी जण दुसऱ्या वेळी आकडा कमी करायचे, काही जण "राहू दे" म्हणून उठायचे. एक कापडवाले शेठ एकदा वैतागून म्हणाले होते, की अक्का, तू भटजी असतीस तर धुळ्यात एकही लग्न लागलं नसतं. ती हसली आणि हात मांडीवरच ठेवून वाट बघत बसली.

ती ज्या शेअर दलालाकडे कामाला होती, त्याच्या ऑफिसाखाली माझं चष्म्यांचं दुकान आहे. गिऱ्हाईक नसलं की मी वर जाऊन बसायचो. आता सगळेच मोबाइलवर सौदे करतात, पण ज्यांचा त्या बटणांवर भरवसा नाही असे आम्ही काही जण अजून तिच्याकडेच जायचो. ती पस्तिशीची असेल. नवरा वारलेला, एक मुलगी बारावीला. तरी सत्तरीची माणसंही तिला अक्काच म्हणायची.

त्या वर्षी बाजार पडायला लागला तो थांबेचना. रोज संध्याकाळी आम्ही एकमेकांना सांगायचो की उद्या सावरेल, आणि उद्या आणखी खाली. सगळ्यात वाईट हाल एका छोट्या कंपनीचे होते. एकाने घेतला म्हणून दुसऱ्याने, असं करत आमच्यातल्या जवळजवळ सगळ्यांनी तो शेअर घेतलेला. मीही. अक्कानेही घेतला होता, मुलीला जळगावला नर्सिंगला घालायचं म्हणून.

एका सकाळी बाजार उघडला आणि तो शेअर दगडासारखा सुटला. मोबाइलवाल्यांचे मोबाइल अडकले, तेही जिना चढून वर आले. खोलीत उभं राहायला जागा नव्हती. घेणारे थोडे, विकणारे सगळे. ज्याचा सौदा आधी जाईल तो सुटेल, हे सगळ्यांना कळत होतं.

त्या गोंधळात तिचा आवाज जराही चढला नाही. ज्या क्रमाने माणूस आला, त्याच क्रमाने सौदा गेला. शेठनी पुढे घुसायचा प्रयत्न केला, तेव्हा तिने नुसतं रांगेकडे बोट केलं आणि ते मागे जाऊन उभे राहिले. माझा सौदा गेला. तोटा झाला, पण निम्मं तरी हाती आलं.

रांग संपली तेव्हा अजून थोडे घेणारे बाकी होते. मला वाटलं, आता ती स्वतःचा सौदा टाकेल. तिने फोन उचलला.

दीपनगरच्या वीजकेंद्रातून निवृत्त झालेले एक नाना भडगावला राहत. त्यांनीही तोच शेअर घेतला होता. भाव एकदम कोसळला तर मला लगेच विचार, असं त्यांनी तिला कधीतरी सांगितलेलं. ते फोन उचलेनात. तिने पुन्हा लावला. मग त्यांच्या घरच्या फोनवर लावला. नाना नातेवाइकांच्या साखरपुड्यात होते. घरी असलेल्या त्यांच्या बायकोने, काकूंनी, कोणाला तरी पाठवून त्यांना बोलावून आणलं. तोवर पडद्यावर भाव सरकतच होता आणि अक्का कानाला फोन लावून शांत बसली होती.

नाना आले. तिने भाव सांगितला.

"बठ्ठा इकी टाक, बेटी," पलीकडून नाना म्हणाले.

तिने कीबोर्डवरचा हात उचलून मांडीवर ठेवला. "परत सांगा, नाना."

सगळा विकून टाक, असं त्यांनी परत सांगितलं. सौदा गेला.

त्यानंतर तिने स्वतःचा टाकला, आणि लोअर सर्किट लागलं. म्हणजे त्या दिवशी भाव त्याखाली जाणार नाही, पण त्या भावाला घेणाराही कोणी उरला नाही. तिचा सौदा पडद्यावर तसाच पडून राहिला.

मी विचारलं, "सकाळी सगळ्यात आधी तूच आली होतीस ना? तेव्हाच का नाही टाकलास?"

"भाऊ, मशीन तुमच्यासाठी चालू केलं होतं," ती म्हणाली आणि चहा सांगायला उठली.

पुढे कित्येक दिवस घेणाराच मिळाला नाही. शेवटी विकला गेला तो कवडीमोलाने. मुलीचं ते वर्ष गेलं. दलालांनी भरपाई देऊ केली, ती तिने घेतली नाही. संध्याकाळी ती दोन घरी शिकवण्या घेऊ लागली.

नानांना मीच सांगितलं. दुसऱ्याच दिवशी ते एसटीने आले आणि बाकावर बसले. तिने विचारलं, "नाना, काय घ्यायचंय?"

"काही लेनं नही शे. बसाले उनू," नाना म्हणाले. नुसते बसायला आलेले ते बाजार बंद होईपर्यंत बसून राहिले.

पुढच्या वर्षी मुलीला जळगावला प्रवेश मिळाला. अक्काने तिथल्या एका कापड दुकानात नोकरी धरली. ती निघाली त्या दिवशी मी धुळ्याच्या स्टँडवर सामान चढवायला गेलो, तर नाना भडगावहून आधीच येऊन उभे. त्यांनी खिडकीतून पेरूंची पिशवी आत दिली. गाडी हलली. फाटकातून बाहेर पडून ती रस्त्याला लागली, धूळ खाली बसली, तरी सत्तरी ओलांडलेला तो माणूस रिकाम्या फलाटावर हात जोडून उभा होता.