ओंबीचं नाणं

सासरे गेले आणि सासूबाईंना आम्ही जर्मनीत, झिंडेलफिंगेनला घेऊन आलो. नवरा कारखान्यात, मी ऑफिसात, मुलगा आजीला जर्मनमध्ये उत्तरं देणारा. अख्ख्या देशात त्यांना सोबत मिळाली ती एकाच माणसाची. वरच्या मजल्यावरचे आमचे घरमालक, सत्तरी ओलांडलेले, एकटे. दोघांना एकमेकांची भाषा यायची नाही. तरी रोज दुपारी ते चहाला खाली यायचे आणि आपली प्राचीन ग्रीक नाणी टेबलावर मांडायचे.

एकावर बाईचा चेहरा, भोवती पोहणारे डॉल्फिन, केसांची बट न् बट वेगळी दिसावी असं कोरीव काम. सासूबाईंचा जीव मात्र दुसऱ्यावर. इटलीत जाऊन वसलेल्या ग्रीकांनी त्या नाण्यावर सातूची ओंबी कोरली होती आणि तिच्या पानावर इवलासा नाकतोडा. "घर सोडलं तरी शेत बरोबर नेलं बघ त्यांनी," मी त्याचा अर्थ सांगितल्यापासून त्या म्हणायच्या. मला बरं वाटायचं आणि खरं सांगायचं तर हेवाही. माझ्याशी त्या कधी इतक्या खुलल्या नव्हत्या.

दिवाळी आली. पूजेचं चांदीचं नाणं पुण्याला लॉकरमध्ये राहिलं म्हणून त्या हळहळत होत्या. घरमालकांना हे माझ्याकडून कळलं, तर त्यांनी काळवंडलेलं, पण चांदीचंच ओंबीचं नाणं आणून सासूबाईंच्या तळहातावर ठेवलं, पूजेपुरतं.

लक्ष्मीपुढे काळं नाणं कोण ठेवील? सासूबाईंनी पुण्याहून आणलेल्या रांगोळीने ते घासलं, अगदी मन लावून. मी घरी आले तेव्हा ते पाटावर लखलखत होतं, कालच सराफाकडून आणल्यासारखं. ओंबीवर ओरखडे होते. नाकतोडा शोधूनही सापडेना. तेवढ्यात घरमालक प्रसादाला आले.

त्यांनी भिंगातून पाहिलं, नाणं मुठीत घेतलं. "आल्झो," म्हणजे 'असं तर', एवढंच म्हणाले आणि करंजीला हात न लावता वर गेले.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडे गेले. दुसऱ्या महायुद्धानंतर घरदार सोडून पळताना त्यांच्या वडिलांनी ते नाणं कोटाच्या अस्तरात शिवलं होतं. वडील वाटेतच गेले. "त्या काळ्या थरात त्यांच्या हाताचा स्पर्श होता," ते म्हणाले. "तुमच्या सासूबाईंचा दोष नाही, ते मला कळतं. पण आता त्यांच्यासमोर बसणं मला जमणार नाही."

लपवाछपवी माझ्या स्वभावात नाही. खाली येऊन मी सासूबाईंना सगळं जसंच्या तसं सांगितलं. ऐकून त्यांनी विचारलं,

"त्यांचं चुकलं नाही, माझंही चुकलं नाही. मग माफी मागायची कुणी?"

दुपारचा चहा बंद झाला. जिन्यावर सासूबाईंची चाहूल लागली, की वरचं दार उघडता उघडता पुन्हा मिटायचं. त्यांनाही ते ऐकू यायचं.

एका संध्याकाळी मी घरी आले, तर त्या सिंकपाशी उभ्या होत्या. समोर दुधाचं करपलेलं पातेलं, हातात कोरडी घासणी. माझी वाट पाहत थांबल्या होत्या.

"अगं, हे घासलं तर चालेल ना?"