मामांचा हात, माझी वकिली

सासऱ्यांना पाण्याच्या टँकरनं धडक दिली हे ऐकून मला आधी वाईट वाटलं आणि मग, साधारण अर्ध्या मिनिटानं, बरं वाटलं.

याचं कारण माझे साडू बसवंतराव. ते नांदेडला वकिली करत आणि अपघाताचे दावे चालवण्यात त्यांचं नाव होतं. मी लातूरला वकिली करत होतो आणि माझं नाव फक्त पाटीवर होतं. सासुरवाडीला गेलं की त्यांना पाट आणि मला सतरंजी. (पाटावर बसून माझे गुडघे दुखतात ही गोष्ट वेगळी. विचारायला तर हवं!) पण लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. निलंग्याच्या अपघाताचा दावा आता उस्मानाबादेत चालणार नव्हता. तो माझ्या कोर्टात, माझ्या घरापासून चालत दहा मिनिटांवर चालणार होता.

निलंग्यात मामांचं, म्हणजे सासऱ्यांचं, कापडाचं दुकान. त्या वर्षी दुष्काळ असा होता की गावातल्या विहिरींत पोरं क्रिकेट खेळत. टँकर आला की सगळी पेठ घागरी घेऊन धावायची. मामाही धावले. ड्रायव्हरनं मागं न बघता टँकर मागं घेतला आणि मामा घागरीसकट भिंतीवर आपटले. उजवं मनगट मोडलं, खांदा निखळला. तीन महिन्यांनी प्लास्टर निघालं तेव्हा हात छातीच्या वर जाईना आणि मुठीत जोर राहिला नाही.

अपघाताची बातमी ऐकून मी निलंग्याला पोचलो तेव्हा मामा म्हणाले, "नांदेडला निरोप धाडला हाय. थोरले जावई येऊन बघतील काय करायचं ते."

"मामा, त्यांना कशाला त्रास? नांदेडहून येणार, बस बदलणार. मी आहे की."

"हाव, तुम्ही हायच की," मामा म्हणाले. त्या 'हायच की'मध्ये काही अर्थ होता, पण मी तो काढला नाही. वकीलपत्र खिशातच होतं. मामांनी डाव्या हाताचा अंगठा उमटवला.

बसवंतराव दोन दिवसांनी आले. मी दावा घेतल्याचं कळल्यावर रागावले नाहीत. उलट हसून म्हणाले, "चांगलं झालं. फक्त त्यांना जास्त पढवू नका. अन् मामींनाही साक्षीला घ्या."

ते असं म्हणाले म्हणूनच मी मामींना साक्षीदारांच्या यादीत घेतलं नाही. आणि मामांना पढवायला लागलो. दर रविवारी निलंग्याची बस पकडायची आणि दुकानात बसून उजळणी घ्यायची.

"टँकर कुठून आला?"

"मागून."

"त्यानं हॉर्न दिला का?"

"न्हाई. अन् मी सावध होतो. अन् माझी चूक नव्हती."

"मामा, ते मी अजून विचारलं नाही."

"मग विचारा की. गिऱ्हाईक थांबलंय."

साक्षीच्या दिवशी निम्मी पेठ कोर्टात आली होती. शेजारचे किराणावाले, समोरचे भांडीवाले, सगळे बाकांवर दाटीवाटीनं बसलेले. सर्वांत मागं बसवंतराव. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. पण ते माझ्याकडे बघताहेत की नाही, हे मात्र दोनदा बघितलं.

सुरुवात झकास झाली. टँकर, भिंत, मनगट, सगळं मामांनी नीट सांगितलं. इथंच मी खाली बसायला हवं होतं. पण मागं बसवंतराव होते ना! त्यांना माझी वकिली दाखवायची होती. म्हणून मी जरा मोठ्या आवाजात विचारलं, "आणि या अपघातानंतर तुमच्या धंद्याचं काय झालं?"

उत्तर मी पाठ करून घेतलं होतं: 'धंदा बसला.' पण मामांनी एकदा बाकांकडे पाहिलं. किराणावाले बघत होते, भांडीवाले बघत होते. मामांची मान ताठ झाली.

"देवाच्या दयेनं झकास चाललाय. आधीपरीस बरा."

चाळीस वर्षं पेढीवर बसलेला माणूस चारचौघांत 'धंदा बसला' म्हणणार नाही, हे मला कळायला हवं होतं. विमा कंपनीचे वकील शांत, वयस्कर गृहस्थ होते. ते हळूच उठले.

"आधीपेक्षा बरा? तो कसा काय?"

"थोरल्या जावयांनी माणूस लावून दिला. कापड फाडायला, ठाण उचलायला. लई जीव लावतात ते."

"आभारी आहे," म्हणून ते बसले.

मीही बसायला हवं होतं. पण 'लई जीव लावतात' हे शब्द कोर्टाच्या कागदावर टाइप होत होते आणि ते मला ऐकवेना. मी फेरतपासणीला उठलो.

"आणि धाकट्या जावयानं काहीच केलं नाही का?"

जज्जसाहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "वकीलसाहेब, हा प्रश्न आपण कुणाच्या वतीनं विचारताय?"

मी काही बोलणार तेवढ्यात मामा माझ्या मदतीला धावले. "केलं की. दर रविवारी येऊन समदी उत्तरं पाठ करून घेतली."

पेठ हसली. टाइपरायटरसुद्धा क्षणभर थांबला.

मधल्या सुट्टीत मी कोर्टामागच्या लिंबाखाली जाऊन उभा राहिलो. बसवंतराव दोन कप चहा घेऊन आले. त्यांनी मला दोन शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "माझ्याही पहिल्या दाव्यात असंच झालं होतं." (मोठ्या मनाच्या माणसाचा राग राग करणं फार अवघड असतं. मी प्रयत्न सोडला नाही.)

"आता?" मी विचारलं.

"मामींसाठी अर्ज द्या. माणूस दुखणं जगापासून लपवतो, बायकोपासून कसं लपवील? अन् त्यांना काही शिकवू नका."

त्या एका कप चहात मी जेवढी वकिली शिकलो तेवढी लॉ कॉलेजात शिकलो नव्हतो. अर्ज दिला. जज्जसाहेबांनी, बहुधा मामांची दया येऊन, परवानगी दिली.

पुढच्या तारखेला मामी उभ्या राहिल्या. मी एकच प्रश्न विचारला, "घरी त्यांना काय करता येत नाही?"

मामींनी पदर सावरला. "समदं करतो म्हणतात. पर सकाळी पूजेला बसले की डाव्या तळहातावर गळ्यातलं लिंग घेतात, अन् उजवा हात कपाळापत्तुर जात न्हाई. भस्म मी लावते. बेलपान मी वाहते. तवा ते डोळे मिटून घेतात. मला वाटावं, ध्यान लागलंय. ध्यान न्हाई लागत. मी जवळ बसलेली असते, मला कळतं."

मामा आपल्या उजव्या हाताकडे बघत होते. विमा कंपनीचे वकील अर्धवट उठले आणि "काही विचारायचं नाही" म्हणून खाली बसले. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की हा दावा मामांचा आहे, माझा किंवा बसवंतरावांचा नाही. हे वाटणं निकाल लागेपर्यंत टिकलं.

निकाल आमच्या बाजूनं लागला. लातूरच्या एका साप्ताहिकात चार ओळींची बातमी आली आणि तीत वकील म्हणून माझं नाव होतं. मी दहा अंक विकत घेतले. त्यातला एक, बातमीभोवती लाल शाईनं चौकट करून, नांदेडला पाठवला. सोबत काही लिहिलं नाही. लिहायची गरज वाटली नाही.

आठ दिवसांनी बसवंतरावांचं उत्तर आलं. 'बातमी वाचून फार आनंद झाला. दावा जिंकणाऱ्या वकिलाचं नाव मात्र चुकून तुमचं छापलं गेलंय. मामींना माझा नमस्कार सांगा.'

हे कुणाला दाखवायचं नाही असं मी ठरवलं. पण ते पोस्टकार्ड होतं. माझ्या आधी ते पोस्टमननं, घरमालकानं आणि बायकोनं वाचलेलं होतं, आणि नमस्कार कधीच निलंग्याला पोचला होता.