सुलो परत आली होती

सुलोचना गेल्याची बातमी मला कुणी सांगितली नाही. ती मलाच सांगायला जावं लागलं. वाशीमच्या ज्या दवाखान्यात मी नर्स आहे, तिथंच, बायकांच्या वॉर्डात, भिंतीकडच्या खाटेवर ती सकाळी गेली. तिचे डोळे मी मिटले, चादर मीच ओढली. दवाखान्याची जीप तिला घेऊन मागून येणार होती. तिच्या मायला ते असं एकदम, गाडी दाराशी थांबल्यावर कळू नये, म्हणून मी मिळेल त्या एसटीनं पुढं निघाले. मंगरूळपीरच्या अलीकडं फाट्यावर उतरले आणि पांदीनं चालत त्यांच्या घरी पोचले. माय ओट्यावर ज्वारी पाखडत होती. तिनं माझ्याकडं पाहिलं, सूप खाली ठेवलं आणि काहीच विचारलं नाही. विचारलं ते वसंतानं. वसंता हा सुलोचनाचा धाकटा भाऊ, पंचविशीचा, उंचापुरा. थोरल्या बहिणीला तो बाई म्हणायचा. "निर्मलाताई, तू एकटीच आली? बाई कुठी हाय?" तो माझ्या तोंडाकडं बघत राहिला, मग उठला आणि रस्त्यावर जाऊन उभा राहिला. जीप आली तेव्हा सगळ्यांच्या आधी तिच्यापर्यंत तोच पोचला होता...

याला आता दीड महिना होईल. लिहायला बसले की हात आखडतो. पण सुलोचनाबद्दल गावात, नात्यात जे बोललं जातं ते ऐकवत नाही. विलायतेची नोकरी सोडून आली, डोकं फिरलं होतं, भावाच्या पायी स्वतःचं वाटोळं करून घेतलं. असंच बोलतात. डोकं फिरलेली माणसं तिनं पुष्कळ पाहिली होती. ती त्यांतली नव्हती.

आम्ही एकाच गावच्या, एकाच वस्तीतल्या. छप्पन साली दोघींचे बाप एकाच बैलगाडीत बसून नागपूरला दीक्षेला गेले होते. परत आल्यावर सुलोच्या बापानं घरातले देव टोपलीत घालून नदीत सोडले आणि पोरांना सांगितलं, आता शिकायचं. आम्ही दोघी शिकलो, नागपूरला नर्सिंगला लागलो. होस्टेलवर एकाच खोलीत राहायचो. ती माझ्यापेक्षा हुशार, धीट आणि तिखट जिभेची. मला रक्त पाहून गरगरायचं, तर ती मागं उभी राहून म्हणायची, "पडशील तं इकडं पड, तिकडं पेशंट हाय." शिक्षण संपलं, मी वाशीमला लागले, माझं लग्न झालं. सत्तर-एकाहत्तरच्या सुमाराला विलायतेत नर्स हव्यात असं कळलं आणि सुलोनं अर्ज केला. गावातून विमानात बसणारी ती पहिलीच. तिला सोडायला फाट्यावर सगळी वस्ती आली होती. वसंता तेव्हा अकोल्याला कॉलेजात होता. त्यानं तिची पेटी डोक्यावर घेतली आणि एसटीच्या टपावर चढून स्वतः बांधली.

तिकडं पोचल्यावर तिला कळलं की आपल्याला वेड्यांच्या इस्पितळात नेमलं आहे. गावापासून दूर, शेतांच्या मधोमध, किल्ल्यासारखी दगडी इमारत. ती मला पुढं सांगायची, "निर्मले, पयले पंधरा दिवस मी संडासात जाऊन रडली. वाटे, यायनं मले कामाले आणलं का भरती केलं?" एक बाई तिला हात लावू देत नसे. काळा हात म्हणून ओरडायची. सुलो म्हणे, "मले त्याचं काय नवाल? तसं तं आपल्या गावातबी पायलं होतं. फक्त तिथी ते वेडी म्हणत होती, इथी शहाने म्हणत." पण ती टिकली. नुसती टिकली नाही, त्या कामाला लागली ती लागलीच. मारामारी करणाऱ्या माणसाजवळ कसं उभं राहायचं, न बोलणाऱ्याजवळ न बोलता कसं बसायचं, हे तिला तिथं जमायला लागलं. त्या वॉर्डात एक म्हातारी होती. लग्नाआधी दिवस गेले म्हणून घरच्यांनी तिला तरुणपणीच तिथं आणून टाकलं होतं. तिला कसलं वेड नव्हतं. पण इतकी वर्षं आत राहून ती बाहेर पडायच्या लायकीची उरली नव्हती. दर रविवारी भेटीच्या वेळेला ती केस विंचरून घ्यायची, चांगले कपडे घालून दाराकडं तोंड करून बसायची. तिला भेटायला कधीच कुणी आलं नाही. तिचे केस सुलो विंचरायची. ती म्हातारी सुलोच्या डोक्यातून शेवटपर्यंत गेली नाही, आणि पुढं जे झालं ते बरंचसं तिच्यामुळं झालं असं मला वाटतं.

बहात्तरच्या दुष्काळात वसंता कॉलेज सोडून घरी आला. माय आणि बा रस्त्याच्या कामावर खडी फोडत होते. तोही जाऊ लागला. एक दिवस हातोडा टाकून तो कान झाकून बसला. म्हणाला, दगडातून कोनी तरी मले शिव्या देऊन राह्यले. लोक हसले. मग तो झोपेना, जेवेना. जेवणात काहीतरी कालवलं म्हणायचा. शेजाऱ्याच्या कडब्याच्या गंजीला त्यानं आग लावली, त्याच आगीत उडी घ्यायला निघाला. मायनं मग काय केलं नाही? जे देव सोडून आम्हांला इतकी वर्षं झाली होती त्यांच्याही दारी ती जाऊन आली. अंगारे झाले, कोंबडे झाले, मिरच्यांची धुरी झाली. सुलोला कुणी कळवलं नाही. परदेशात एकटी पोर, तिला कायले घोर लावायचा, असं बापाचं म्हणणं. ती पुढच्या वर्षी सुटीवर आली, तेव्हा मी तिच्याबरोबर गावी गेले होते. तिच्या अंगावर नवी साडी होती, पिशवीत वसंतासाठी लोकरी स्वेटर होता. ती घरात शिरली आणि म्हणाली, "वशा कुठी हाय?" मायनं पदर तोंडात धरला. तेवढ्यात मागच्या गोठ्यातून साखळीचा आवाज आला...

बैलाची साखळी होती. एक टोक खांबाला, एक त्याच्या घोट्याला. घोट्याला जखम होऊन त्यात किडे पडले होते. दाढी छातीपर्यंत, अंगावर गोणपाट. तो तिला ओळखेना. सुलोनं बापापुढं हात केला.

"किल्ली."

"खोलू नको, पोरी," बा म्हणाला. "कोणाचा तरी जीव घेईन तो. नाई तं सोताचा देईन."

"किल्ली द्या, बा."

"मी बाप होय त्याचा, कसाई नाई!" म्हातारा एकदम ओरडला आणि भिंतीला टेकून खाली बसला. "रोज रातच्याले उठून पायतो मी त्याले, जित्ता हाय का म्हून. तुले काय मालूम?"

सुलोनं बापाच्या करगोट्याची किल्ली स्वतःच्या हातानं सोडली. कुलूप काढलं. मग वसंताच्या समोर, शेणातच, नव्या साडीनिशी मांडी घालून बसली. हात नाही लावला. बोलली नाही. ऊन दारातून आत आलं आणि सरकत पलीकडच्या भिंतीवर गेलं तरी ती बसून होती. मी दारात उभी होते. शेवटी तोच म्हणाला, "पानी दे." तिनं तांब्या आणला, आधी स्वतः घोट घेतला, मग त्याला दिला. तो घटाघटा प्याला. त्या दिवशी ती जखम आम्ही दोघींनी धुतली.

नागपूरच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी गोळ्या आणि दर तीन आठवड्यांनी एक इंजेक्शन असं लिहून दिलं, आणि सल्ला दिला की इस्पितळात ठेवा, तुम्ही परत जा, तुमची नोकरी का घालवता? मीही हेच म्हणत होते. तिकडं तिची बढती व्हायची होती. बरोबर काम करणाऱ्या एका मलबारी माणसाशी लग्नाचं ठरत होतं. वसंताला तिकडं न्यायचं तिनं पाहिलं. अशा आजारी माणसाला येऊ देत नाहीत, असं उत्तर आलं. सुटी संपत आली तेव्हा वाशीमला माझ्या घरी ती स्वयंपाकघरात पाटावर बसली होती. मी म्हटलं, "सुलो, इस्पितळात त्याला औषध मिळेल, जेवण मिळेल. साखळी तर नसेल."

ती म्हणाली, "औषध भेटते. जेवनबी भेटते. मंग मानूस रविवारी दाराकडं तोंड करून बसते." पाटावरून उठत म्हणाली, "तिथी मी दुसऱ्यायच्या लोकायचं गू-मूत काढतो अन् मायावाला भाऊ इथी गोठ्यात. हे कसं करू, तूच सांग."

ती परत गेलीच नाही. त्या मलबारी माणसानं वर्षभर वाट पाहिली, मग त्याचं लग्न झालं. तिनं ते मला सांगितलं तेव्हा आम्ही मटकी निवडत होतो. सांगून झाल्यावर ती बराच वेळ एकच दाणा बोटांत फिरवत राहिली.

वसंता सुधारला, हे मात्र खरं. दीड-दोन वर्षांत तो माणसात आला. गोठ्याची तिनं खोली केली, जमीन सारवली, चुना मारला. तो शेतात जाऊ लागला, निंदण करू लागला. आवाज ऐकू येत, पण तो तिला येऊन सांगायचा, "बाई, पुन्ना बोलून राह्यले." ती म्हणायची, "बोलू दे. तू काम कर." पण ती त्याला सोडून एक दिवससुद्धा बाहेर राहू शकत नव्हती. एकदा एका लग्नाला ती दारव्ह्याला गेली, तर इकडं बापानं पोरगा बरा झाला म्हणून त्याच्या गोळ्या बंद केल्या, ती परतल्यावरही तिच्या नकळत फेकत राहिला. त्याच्यासाठी मुलगी बघायची होती, औषध चालू आहे हे कळायला नको होतं. महिन्याच्या आत वसंता विहिरीच्या काठावर सापडला. पुन्हा पहिल्यापासून सगळं. त्यानंतर सुलोनं गाव सोडलंच नाही. ती हसायची बंद झाली. मी गेले की माझा हात धरायची आणि धरूनच ठेवायची. एकदा म्हणाली, "निर्मले, मले कधी कधी वाटते, साखळी त्याच्या पायातून काढली अन् माया पायात घातली. पन हे कोनाले सांगू नको."

यंदा उन्हाळ्यात मी गेले तेव्हा ती डावा हात अंगाला धरून चालत होती. विचारलं तर म्हणाली, पाणी भरताना लचक बसली. मी जबरदस्तीनं पदर बाजूला केला... आम्ही दोघी नर्सा. पाहताच कळलं. छातीतली गाठ फुटून वर आली होती. काखेतही गाठी होत्या. मी ओरडले तिच्यावर. "तुला कळलं नाही? तू नर्स ना?"

"नर्स हाय म्हूनच तं कळलं. मागच्या दिवाळीतच कळलं."

"मग?"

"मंग काय? मुंबईले जा, कापून घ्या, मशिनीचा शेक घ्या. चार-सहा मयने. त्याले कोन पायनार? माय? मायले तं सुई पायली की चक्कर येते." मग एकदम हळू आवाजात म्हणाली, "बाप पुन्ना साखळी काढीन व. ठेवेल हाय त्यानं. मी पायली, घराच्या धाब्यावर हाय."

मी तिला त्याच आठवड्यात वाशीमला आणली. नागपूरला नेली. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, आता मुंबईला नेऊन उपयोग नाही. वसंताला गावी ठेवून राहावं लागू नये म्हणून त्यालाही आम्ही वाशीमला आणलं. तो माझ्या घरी राहायचा आणि दिवसभर वॉर्डाच्या पायरीवर बसायचा. तिला दुखणं असह्य व्हायचं. दात आवळून पडून राहायची, कारण ओरडलं तर बाहेर त्याला ऐकू जाईल. जरा उतार पडला की त्याला आत बोलवायची आणि माझ्या हातून इंजेक्शन घे म्हणायची. तो तयार होईना. "बाईच्या हातानं घेईन." ती उठून बसायची, सुई धरायची, ती बोटांतून निसटायची. मग माझा हात स्वतःच्या हातात धरून तिनं एकदा ते दिलं. वसंता तिच्याकडं बघत होता, सुईकडं नाही. शेवटी शेवटी तिला भ्रम व्हायला लागला. ती इंग्रजीत कुणाला तरी म्हणायची, आज रविवार आहे, चला केस विंचरू. जायच्या आदल्या दिवशी शुद्धीवर होती. मायला घरून काही आणायला पाठवलं होतं, वसंताही तिच्याबरोबर गेला होता. सुलोनं माझ्याकडं पाहिलं आणि इतकंच म्हणाली, "मले मरायचं नाई व, निर्मले. मले आत्ता मराले टाइम नाई." त्यापुढं ती बोलली नाही.

ती गेल्यानंतर इंजेक्शनच्या पहिल्या वेळेला मी गावी गेले तर वसंता मला पाहून तुरीत पळाला. सगळा दिवस शोधला, सापडला नाही. परत येताना एसटीत मी रडले, लोक बघत होते तरी रडले. आवाज वाढले आहेत असं माय सांगत होती. निघायच्या आधी मी घराच्या धाब्यावर, मातीच्या छपरावर चढून साखळी खाली आणली आणि पिशवीत घालून वाशीमला घेऊन आले. बा बघत होता, पण त्यानं अडवलं नाही.

गेल्या आठवड्यात पुन्हा गेले. वसंता त्याच्या खोलीत होता. खुंटीला सुलोचा विलायतेतला जाड काळा कोट टांगलेला. आमच्याकडच्या उन्हात तो कोट तिनं कधी घातला नाही, पण फेकलाही नाही. वसंतानं तो झटकला, दारातल्या खाटेवर उन्हात पसरला, बाह्या सरळ केल्या. मला म्हणाला, "कसर लागते त्याले." मी इंजेक्शनची पिशवी उघडली. तो पळाला नाही. बाही वर करता करता त्यानं विचारलं, "निर्मलाताई, बाई कधी येईन?"

आजाऱ्याला खोटं सांगायचं नाही, त्याचं डोकं आधीच त्याला पुष्कळ खोटं सांगत असतं, असं सुलो म्हणायची. मी म्हटलं, "वसंता, बाई मेली. ती आता येणार नाही."

त्यानं कोटाची बाही पुन्हा एकदा सरळ केली. मग दंड माझ्यापुढं केला आणि म्हणाला, "तं मंग आता तूच दे."