मूळ चित्रात दासी होतीच

पडदा ओढला तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. वाजवता वाजवता स्वतःला शोधत होते.

खराडीतल्या आमच्या कंपनीच्या रिसेप्शनची भिंत. तिच्यावर ओळीनं पाच मोठी चित्रं. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची गाजलेली तैलचित्रं, ज्यांची कॅलेंडरं आपण सलूनमध्ये, किराणा दुकानात, लोकांच्या बैठकीत पाहत आलो, तीच. पण नव्या रूपात, आणि चेहरे आमचे, ऑफिसातल्या बायकांचे. वीणा वाजवणारीच्या कानाला हेडफोन. पत्र वाचणारीच्या हातात मोबाइल.

ती पत्र वाचणारी मी असणार होते. ती मी नव्हते.

"अगं, ती बघ तू! कोपऱ्यात!" केतकी ओरडली. केतकी माझ्याच टीममधली. आम्ही दोघी सॉफ्टवेअर टेस्टिंगला, शेजारच्या खुर्च्यांवर.

पाचवं चित्र. शृंगार करणारी राणी. आरशाच्या जागी लॅपटॉप. राणीचा चेहरा केतकीचा. मागे खांबाशी, अर्धी अंधारात, दासी. तिच्या हातात पितळी पिकदाणी. मान खाली. तो चेहरा माझा.

मी सावळी आहे. चित्रात मला काळी केली होती. फोटोच्या दिवशी मी आईची ठेवणीतली निळी साडी नेसले होते. चित्रात मळकं लुगडं होतं.

मागून कुणीतरी म्हणालं, "केतकी, थुंक की."

सगळे हसले. मीही हसले. त्या हसण्याची मला आजही किळस येते.

फोटो महिन्याभरापूर्वी काढले होते. चित्रकार शनिवार पेठेतले, नाव असलेले. कॉन्फरन्स रूममध्ये लाइट लावून बसले होते. फॉर्मवर आवडतं चित्र लिहायचं होतं. मी पत्र वाचणारी बाई लिहिली. ते म्हणाले, "छान. हात असे धरा, पत्र धरल्यासारखे. आता खाली बघा. अजून खाली. हां, हलू नका." मी हलले नाही. घरी जाऊन सांगितलं, मी पत्र वाचणारी बाई होणार आहे. आई दोन दिवस शेजारणींना सांगत होती.

त्याच हातांत त्यांनी पिकदाणी ठेवली.

याच शहरात एके काळी आमच्या माणसांच्या गळ्यात थुंकीसाठी मडकं असायचं. हे मला कुणी पुस्तकातून शिकवलं नाही. आमच्या घरात मूल बोलायला लागलं की त्याच्या कानावर हे पडतंच. आणि इथे एसीमध्ये, काचेच्या दारासमोर, माझ्या हातात भांडं होतं.

चित्रकार समोशांच्या टेबलापाशी उभे होते. मी गेले.

"सर, मी पत्र वाचत होते."

"अहो हो, पण त्या फ्रेममध्ये तुम्ही बसेनात. इथे अगदी परफेक्ट बसलात. तुमच्या चेहऱ्यात ती एक नम्रता आहे."

"माझ्या हातात पिकदाणी आहे."

"मूळ चित्रात दासी होतीच, मॅडम. ती काय मी आणली? मी फक्त चेहरा बदलला."

"मूळ चित्रात लॅपटॉप नव्हता, सर."

मी पुढे म्हणाले, "सगळं बदललंत. आरसा बदललात, वीणेला हेडफोन दिलेत. पिकदाणी तेवढी तशीच ठेवलीत."

त्यांनी हातातली डिश खाली ठेवली. "आपल्याला चित्रातलं कळतं हे मला ठाऊक नव्हतं," म्हणाले, आणि दुसऱ्या कुणाशी तरी बोलायला वळले.

एचआरच्या मॅडमनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "अगं, आर्ट आहे ते. इतकं पर्सनली काय घेतेस?"

माझा चेहरा. तो मी पर्सनली घ्यायचा नाही.

दुसऱ्या दिवशी मेल केली. उत्तरात माझाच फॉर्म जोडून आला. फोटोचा कसाही वापर करण्यास माझी हरकत नाही, खाली माझी सही. मी न वाचता केलेली. एका वकिलांना भेटले. त्यांनी मोबाइलवर चित्र मोठं करून पाहिलं. "यात जात कुठे लिहिलीय? कोर्टात उभं राहणार नाही हे." त्यांचंही चुकत नव्हतं. लिहिलेली कुठेच नव्हती. ऑफिसात मी आडनावही लावत नाही, वडिलांचं नाव लावते. पण त्या भिंतीपुढे उभं राहणाऱ्या प्रत्येकाला ती वाचता येत होती.

मग मी बेसमेंटमधून यायला लागले. पार्किंगमधून, कचऱ्याच्या डब्यांजवळून, मागच्या लिफ्टनं. पँट्रीत कुणी च्युइंगगम खाल्लं की माझ्याकडे बघून हसायचा. मी कॉफी टेबलावर नेऊन प्यायला लागले. केतकी म्हणाली, "सॉरी गं, पण मी तरी काय करू?" खरंच, ती तरी काय करणार होती? राणी चांगली दिसत होती. तिनं तो फोटो डीपीला ठेवला होता.

घरी मी काहीच सांगितलं नव्हतं. आणि कंपनीचा फॅमिली डे आला. मी म्हटलं, येऊ नका, गर्दी असते. अण्णा ऐकेनात. माझे वडील, तीस वर्षं बसमध्ये कंडक्टर. इस्त्रीचा शर्ट घालून, आईला घेऊन बिबवेवाडीहून दोन बस बदलून आले. मी खाली पोचेपर्यंत ते दोघं भिंतीपाशी उभे होते.

आई आधी पत्रवालीसमोर थांबली. मग एकेक चित्र बघत पुढे सरकली. शेवटच्यापाशी तिनं पदर तोंडाला लावला. आपली निळी साडी ती शोधत असावी.

अण्णांनी चष्मा पुसला, परत लावला. लोक मागून येत होते, सेल्फी काढत होते. एकानं अण्णांना म्हटलं, "काका, जरा बाजूला होता का?"

अण्णा हलले नाहीत. माझ्याकडे न बघता त्यांनी हळू विचारलं, "मान का घातलीस खाली?"

मला सांगता आलं असतं. फोटोचं, फॉर्मचं, वकिलांचं. सांगितलं नाही. कारण फोटोत मान चित्रकारांनी घालायला लावली होती, पण बेसमेंटमधून महिनाभर मी माझ्या पायांनी येत होते.

आई-अण्णा जेवण न करता गेले. मी त्यांना थांबवू शकले नाही.

सोमवारी मी पुढच्या दारानं गेले. एचआरला कागदावर अर्ज दिला. त्यात पहिल्यांदा माझं पूर्ण नाव लिहिलं, आडनावासकट. जात लिहिली. भांडं म्हणजे काय तेही लिहिलं. मॅडम वाचता वाचता लालेलाल झाल्या. "अगं, आम्ही इथे हे असलं काही मानतच नाही!"

"मग उतरवा."

उतरवलं नाही. अप्रेझलमध्ये 'टीममध्ये मिसळत नाही' असा शेरा आला. केतकी बोलायची थांबली. गेल्या आठवड्यात मॅडमनी दार लावून समजावलं, दुसरीकडे बघ, तुलाही बरं वाटेल, आम्ही रेफरन्स चांगला देऊ. चित्र राहील, मी जावं. इतकं साधं होतं त्यांचं.

मी जाणार नाही. राजीनामा लिहिणार नाही. मला कुणाची माफी नको. मला लेखी उत्तर हवं, कंपनीच्या शिक्क्यासह, की ते भांडं माझ्या हातात का दिलं.

आज चौथा अर्ज दिला. मॅडम म्हणाल्या, "ठेव तिथे, बघते."

मी म्हटलं, "पोच द्या."

त्या फोनवर बोलत राहिल्या. मी खुर्ची ओढली आणि त्यांच्या समोर बसले.