रोषणाईसमोरचा खांब

परवा दिवाळी पाडव्याच्या संध्याकाळी आमच्या ह्यांनी जाहीर केलं, "या वर्षी दिव्यांचे फोटो राहू देत." वारज्याच्या आमच्या सोसायटीत गेटपासून बागेपर्यंत रोषणाई, आणि हे सोफ्यावर पेपर वाचत बसलेले... माझं डोकंच फिरलं.

ह्यांचे फोटो साधे नसतात, स्टिरिओ असतात. एक फोटो काढायचा, कॅमेरा, हल्ली मोबाईल, दोन-अडीच इंच बाजूला सरकवायचा, की लगेच दुसरा. मग दोन्ही शेजारी लावून दोन भिंगांच्या डब्यातून बघायचे. समोर जवळचं काहीतरी असलं, की मागचे दिवे खरोखर लांब लांब गेलेले दिसतात.

ते जवळचं काहीतरी म्हणजे मी. लग्नापासून दर दिवाळीला रोषणाईसमोर खांब होऊन उभी... हलायचं नाही, बोलायचं नाही. कॉन्व्हेंटमधल्या आमच्या सिस्टरसुद्धा शिक्षा म्हणून इतका वेळ उभं करत नसत. आणि आता म्हणे, राहू देत!

कारण मला ठाऊक होतं. वर्षभरात ह्यांचा हात थरथरायला लागलाय. चहाचा कप बशीत वाजतो, तेव्हा आम्ही दोघंही टीव्हीचा आवाज वाढवतो...

आमची सून मीनल खराडीला आयटीत आहे. दोन मोबाईल एका पट्टीवर बसवून स्टँडला लावू, असं तिने सुचवलं. "मग फोटो पट्टीने काढला, मी नाही," एवढं बोलून ह्यांनी पेपर पुन्हा वर धरला. म्हणजे आता तो डबा माळ्यावर जाणार. आमच्या माळ्यावर गेलेली वस्तू परत खाली आल्याचं मला तरी आठवत नाही.

मी म्हटलं, उठा. माझ्या खांद्यावर टेकवा मोबाईल. खांदा अजून थरथरत नाही.

डबा आणि मीनलला घेऊन खाली गेलो, तर सगळ्या माळा उघडझाप करणाऱ्या. पहिल्या फोटोत पेटलेला दिवा दुसऱ्यात विझलेला, मग कसला स्टिरिओ! सोसायटीच्या सेक्रेटरींना म्हटलं, जरा वेळ स्थिर ठेवा. तर म्हणाले, "काकू, लोकांना चमचम आवडते."

"लोकांना विचारलंत कधी?" मी म्हटलं. त्यांनी बटण दाबलं आणि माळा स्थिर झाल्या.

हे माझ्या मागे वाकून उभे राहिले. खांद्यावर मोबाईल, मी श्वास रोखलेला... एक क्लिक. हळूच सरकवला. दुसरा क्लिक. मीनलने तिथेच दोन्ही फोटो शेजारी लावले आणि मोबाईल डब्यात बसवून ह्यांच्या हातात दिला.

फोटो जरासुद्धा हलला नव्हता. मी विजयी चेहऱ्याने सेक्रेटरींकडे पाहिलं. पण ह्यांनी डबा खाली घेतला, भिंगं पुसली आणि पुन्हा डोळ्यांना लावला.

"चपटा आलाय," शेवटी म्हणाले. "सगळे दिवे भिंतीवर चिकटवल्यासारखे. तू नाहीस ना समोर..."

मीनलने पर्स खाली ठेवली. "बाबा, माझा खांदा घ्या. आई, तुम्ही तुमच्या जागेवर जा."

तुमच्या जागेवर, म्हणे... गेले. पदर सारखा केला आणि खांब झाले. समोरून नेहमीचा आवाज आला, "अगं, हलू नकोस." मी हलले नाही. उलट उत्तरही दिलं नाही, सेक्रेटरी साक्षीला आहेत.

मग डब्यातून मीही बघितलं. हात लावता येईल इतकी जवळ मी, आणि माझ्या मागे दिवे... रांगांच्या मागे रांगा, पार बागेच्या टोकापर्यंत. हे माझ्या तोंडाकडे बघत होते, निकाल लागायचा असल्यासारखे. "बरा आलाय," मी म्हटलं. आमच्याकडे याच्या पुढची पदवी नाही, हे त्यांना माहीत आहे. मी जरा जाड दिसते, ते सोडा.

डबा सध्या टीपॉयवर आहे, आल्यागेल्याला सक्तीने दाखवला जातो. मीनल, खांद्याबद्दल थँक यू गं. पुढच्या दिवाळीलाही मी उभं राहायला कुरकुर करणार, हे आत्ताच सांगून ठेवते... पण 'हलू नकोस' म्हणणारं माणूस समोर हवं.