अठ्ठेचाळीस ताऱ्यांच्या झेंड्यावरचे टाके

मंडळी, आज दुपारी शेजारचे नव्वदी ओलांडलेले अमेरिकन आजोबा एक जुना झेंडा घेऊन आले. दुसऱ्या महायुद्धात ते ज्या नेव्हीच्या जहाजावर होते, त्याचा. तारे अठ्ठेचाळीसच, कारण तेव्हा राज्यंच तेवढी होती.

"नात नेव्हीत चाललीय, तिला द्यायचाय. नीट करून देशील?"

विरलेली कड कापायला मी कात्री उचलली, तर त्यांनी घाईनं माझा हात धरला. "ती कड कापू नको! समुद्रावरच्या वाऱ्यानं फाटायची, आणि मीच शिवायचो."

जवळून पाहिलं. हाताचे टाके, इतके बारीक, एकसारखे! डोलत्या जहाजावर घातलेले. मला घरात टेबलाशी बसूनही जमत नाहीत.

मी झेंडा तसाच नव्या कापडावर अलगद टाचून दिला. आजोबांनी डोळे पुसले.

तुमच्याकडे कुणाच्या हातचे असे टाके जपलेले आहेत का?