चार उतरत्या सुरांचा आळ

चिझुरु कुवाहाता आमच्याकडे लागली तेव्हा सत्तावीस वर्षांची होती. ओसाकात, तेन्मा भागात, एका गाद्यांच्या दुकानावर तिसऱ्या मजल्यावर आम्ही नऊ माणसं व्हिडिओ गेम बनवायचो. त्या वर्षी, म्हणजे १९८८ साली, हातात एकच मोठं काम होतं. एक शापित किल्ला, तलवार घेतलेला एक शिपाई, आणि किल्ल्याखाली सहा मजल्यांचं भुयार. खेळणारी पोरं त्या भुयारात तासन्‌तास भटकणार, त्यामुळे तिथलं संगीत डोक्यात जाऊन चालणार नव्हतं. ते संगीत चिझुरु करायची. तिचे सूर आकड्यांत बदलून यंत्रात भरायचं काम माझं. माझं नाव मिझोबे.

यंत्राला तीन आवाज आणि एक खरखर, एवढीच पुंजी. त्यात ती भीती उभी करायची. सार्वजनिक न्हाणीघरात जाऊन नळाचे थेंब मोजायची, भुयारी बाजारातून चालताना स्वतःची पावलं मोजायची. चाल मात्र अजिबात गोड होऊ द्यायची नाही. नकाशे काढणारा हिरागा एकदा म्हणाला, "कुवाहाता-सान, जरा गुणगुणता येईल असं काही द्या की." तर ती म्हणाली, "वाट चुकलेला माणूस कधी गुणगुणतो का हो?"

दुसऱ्या मजल्याच्या भुयारासाठी तिनं केलेली चाल अंगावर काटा आणायची. खालच्या पट्टीतले चार सूर, एकमेकांना चिकटून पायऱ्या उतरावेत तसे उतरायचे. मग पाचवा एकदम वर उडायचा, आणि शांतता. मी त्यावर शिपायाच्या पावलांचा आवाज चढवला, तर सगळ्यांसमोर म्हणाली, "मिझोबे-सान, तुमचा शिपाई लाकडी चपला घालून लग्नाला निघालाय." सगळे हसले. मीही हसलो, पण ते मनात राहिलं.

जुलैत एका दुसऱ्या कंपनीचा गेम बाजारात आला. हिरागानं सकाळीच तो आणून ऑफिसच्या टीव्हीला जोडला. आम्ही जवाचा थंड चहा पीत बघत होतो. त्यांचाही शिपाई भुयारात शिरला, आणि टीव्हीतून चार सूर उतरले. पाचवा वर उडाला. मग शांतता.

हिरागानं टीव्हीचा आवाज वाढवला. तेवढ्यात चिझुरु पिशवी खांद्याला लावून दारात आली. तिथेच थबकली आणि म्हणाली, "हे माझं आहे."

आमचे मालक तातेइशी-सान वळले. "तुझं? मग ते तिकडे कसं पोचलं?"

त्या काळात गेमच्या शेवटी संगीतकारांची खरी नावंही देत नसत, टोपणनावं टाकत. दुसऱ्या कंपनीनं माणूस पळवू नये म्हणून. त्यामुळे तिकडचं संगीत कुणी केलं हे कळायला मार्ग नव्हता. दुपारपर्यंत सगळ्यांचे खण उघडून झाले, डिस्का मोजून झाल्या. एकही कमी नव्हती. म्हणून संशय आणखीच वाढला. डिस्क गेली नाही म्हणजे कुणीतरी तोंडानं सांगितलं असणार.

आणि मला आठवलं. दोन आठवड्यांपूर्वी, रविवारी, उमेदा स्टेशनजवळच्या एका हॉटेलात मी चिझुरुला पाहिलं होतं. समोर सूट घातलेला पुरुष. तिनं त्याच्याकडे एक मोठं पाकीट सरकवलं होतं. ती एरवी पँट आणि कॅनव्हासचे बूट घालणारी, त्या दिवशी मोत्यांची माळ घालून बसली होती.

मी ते मालकांना सांगितलं. काळजीनं सांगतोय असा आव आणला. खरं तर सांगताना मला बरं वाटत होतं.

मालकांनी तिला बोलावलं. दार उघडंच ठेवलं, आम्हाला ऐकू यावं म्हणून.

"तो माणूस कोण?"

"तो या धंद्यातला नाही."

"मग कोण?"

"ते मला सांगता येणार नाही."

"पाकिटात काय होतं?"

तिनं नकारार्थी मान हलवली. मालक म्हणाले, "ठीक आहे. उद्यापासून भुयाराला हात लावायचा नाही. जुन्या गेमबद्दल पोरांची पत्रं येतात, त्यांना उत्तरं लिही."

आठ दिवस ती खिडकीशी बसून पत्रं लिहीत होती. ती चहा घ्यायला उठली की हिरागा आपल्या नकाशावर वर्तमानपत्र टाकायचा. ती फोनवर बोलायला लागली की टंकलेखनाचे आवाज थांबायचे. मी तिच्या चाली यंत्रातून काढत होतो, आणि काढताना पुन्हा पुन्हा ऐकत होतो. कधी वाटायचं, इतकं कसून काम करणारी बाई आपली चीज विकेल कशाला? लगेच दुसरं मन म्हणायचं, मग नाव का सांगत नाही? मी घरी जाताना दोनदा तिच्या मागे स्टेशनपर्यंत गेलो. तिनं एकदा मागे वळून पाहिलं. मी पुस्तकाच्या दुकानात शिरलो.

नवव्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीत, जिन्यावर काठीचा आवाज आला. चिझुरु एका म्हाताऱ्या बाईंना हात धरून वर आणत होती. हातात जाळीचे मोजे, छत्री, आणि कापडात बांधलेलं गाठोडं. या नागुमोबाई. निशिनोमियाला चाळीस वर्षं संगीत शिकवत होत्या, आणि चिझुरु त्यांची विद्यार्थिनी.

दम खाऊन झाल्यावर बाई म्हणाल्या, "तो दुसरा खेळ लावा बघू."

हिरागानं इतकी घाई केली की शिपाई भुयाराच्या दारातच वटवाघळानं मारला. "घाई नाही," बाई म्हणाल्या, "मला एकाहत्तर वर्षं झाली, तरी मी अजून आहे." दुसऱ्यांदा शिपाई आत पोचला. चार सूर उतरले.

"वाटलंच होतं," त्या म्हणाल्या, "हा माझा सातवा धडा. हिनं सूर गुणगुणून दाखवले तेव्हाच ओळखला होता."

त्यांनी गाठोडं सोडलं. विद्यार्थ्यांच्या जुन्या वह्या होत्या. प्रत्येक वहीत तेच चार उतरते सूर आणि पाचवी उडी, खाली बाईंची लाल पेन्सिल आणि तारीख. "हे मी प्रत्येकाला देते आणि सांगते, यावर काहीतरी रचा. सगळे त्यावर गोडगोड जॅम फासतात. दोघांनीच ते उघडं ठेवलं. एक ही. दुसरा फुरुया म्हणून होता, हिच्या मागच्या वर्गातला. परवा मी त्याला फोन केला. तो खेळ त्याचाच."

मालकांनी त्या दोघांच्या वह्या उलटसुलट करून पाहिल्या. तारखाही तपासल्या. मग म्हणाले, "म्हणजे दोघांनी तुमचं उचललं."

"मी माझ्या गुरूंकडून उचललं होतं. चार पायऱ्यांना कुणी मालक असतो का?"

तरी मालकांच्या मनातली शंका गेली नव्हती. "आणि हॉटेलातला तो माणूस?"

चिझुरु लाल झाली. बाई म्हणाल्या, "सांगून टाक गं एकदाचं."

"स्थळ होतं," चिझुरु म्हणाली. "मावशीनं आणलेलं. पाकिटात त्याचा फोटो होता, तो मी परत दिला. तो मला विचारत होता, लग्नानंतर ही पिपाणी वाजवायची नोकरी सोडाल ना?"

"अगं, मग हे आधी का नाही बोललीस?"

"साहेब, गेल्या वर्षी इथंच काम करणारी सुमिए-सान मुलगा बघायला गेली एवढं कळलं, तर तुम्ही आठवड्याभरात तिच्या निरोपाचा केक आणलात. तिनं राजीनामा दिलाही नव्हता."

मालक खाली बघायला लागले. हिरागानं टीव्ही बंद केला.

मग तिनं विचारलं, "मला तिथं पाहिलं कोणी?"

मालकांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते त्यांचे उपकार. पण गप्प बसणं मला जमेना. "मी," म्हणालो.

ती माझ्याकडे वळली. मला वाटलं, आता चारचौघांत काढणार माझी. ती एवढंच म्हणाली, "मग हाक का नाही मारलीत? मला तिथून उठायला निमित्त हवंच होतं."

मालकांनी तिची वाकून माफी मागितली, आणि जुनी चाल परत घालायला सांगितली. तिनं नकार दिला. "आता ती कुणीही ऐकली तरी हेच म्हणणार." काम संपवायला अकरा दिवस होते. तिनं नवी चाल बांधली. एक आवाज पुढे चालतो, दुसरा तेच सूर अर्ध्या मात्रेनं मागे राहून म्हणतो. पहिला थांबला की दुसरा एक सूर जास्त वाजवून मग थांबतो. माझ्या शिपायाची पावलंही तिनं यात घेतली. "पावलं थोडी उशिरा येऊ द्या, मिझोबे-सान. मागून कुणीतरी येतंय असं वाटलं पाहिजे."

मी मान खाली घालून आकडे भरत होतो. ती माझ्या पाठीशी उभी होती. "स्टेशनच्या वाटेवर तुमच्या बुटांचा आवाज असाच येत होता," ती म्हणाली. तेव्हा मला कळलं, तिला दोन्ही दिवस माहीत होतं.

गेम विकला गेला. पत्रांत पोरं लिहायची की दुसऱ्या मजल्यावर आम्ही सारखे मागे वळून बघतो. ओकायामाच्या एका मुलीनं विचारलं होतं, मागून येतो तो चांगला आहे की वाईट? चिझुरुनं तिला काय उत्तर लिहिलं ते मला ठाऊक नाही. तिनं पाकीट माझ्यासमोर चिकटवलं.

त्यानंतर सहा वर्षं ती माझ्या शेजारच्या टेबलावर होती. कामाचं सगळं बोलायची, टोमणेही मारायची. पण तिनं खणाला कुलूप बसवून घेतलं, आणि जेवायला ती आमच्याबरोबर कधी आली नाही. मी तीनदा विचारलं. चौथ्यांदा विचारायला निघालो तेव्हा ती डबा घेऊन गच्चीवर गेली होती, आणि या खेपेला मी तिच्या मागे गेलो नाही.